सीझनल अ‍ॅलर्जी, एपिजेनेटिक्स आणि पोटातलं बाळ: चिपळूणहून सोलापूरला आलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लांब आहे म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या चिपळूणच्या, लग्न होऊन तीन वर्षांपूर्वी सोलापुरात आलात, माहेरी कधी साधी सर्दीपण टिकली नाही, पण इथं आल्यावर दुसऱ्या वर्षापासून नवरात्र ते दिवाळी आणि परत माघ-फाल्गुनात शिंका, डोळे चुरचुरणं, टाळूला खाज, नाक चोंदणं हे सगळं सुरू झालं. मिस्टरांना लहानपणापासून दमा आहे आणि ते सिगारेट ओढतात. सासरची शेती मोहोळकडं, तिथं गोठा आहे. आता तुम्हाला चौथा महिना. कुठंतरी वाचलंत की अ‍ॅलर्जीचे जीन्स "ऑन" होतात, याला एपिजेनेटिक्स म्हणतात, आणि फॉलिक अ‍ॅसिडमुळं हे वाढतं, म्हणून दहा दिवस झाले गोळी बंद केलीये. वर कुणीतरी अठरा हजारांची टेस्ट आणि जीन "ऑफ" करणारी पावडर सुचवलीये. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्यामुळं बाळाला होईल का?"

आधी गोळीचं बोलू, कारण बाकी सगळं वाचायला वेळ आहे, त्याला नाही. गोळी आजच परत सुरू करा. चौथ्या महिन्यापासून आपल्याकडं जी लाल गोळी देतात त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं, ती किमान 180 दिवस घ्यायची असते, आणि ती रक्त कमी पडू नये म्हणून आहे. पहिल्या तीन महिन्यांतली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी असते. तुम्ही जे वाचलंत ते उंदरांवरच्या प्रयोगांवरून आलेलं आहे, त्यात गाभण उंदरांना मिथाइल पुरवणारे बरेच घटक एकत्र आणि भरपूर दिले होते. माणसांमधल्या अभ्यासांत निकाल एका बाजूला पडलेले नाहीत, कुठं थोडा संबंध दिसतो कुठं अजिबात नाही. पण गरोदरपणात रक्त कमी झालं तर काय होतं हे मात्र मला कुठल्या अभ्यासात बघायला लागत नाही, ते आमच्या सिव्हिलच्या लेबर वॉर्डात कुणालाही विचारा.

आता मूळ विषय. मी सोलापुरात वीसेक वर्षं अ‍ॅलर्जी-दम्याचे पेशंट बघतेय आणि तुमच्यासारखी कहाणी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. बाहेरून आलेला माणूस, पहिलं वर्ष एकदम ठीक, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नाक सुरू. लोकांना वाटतं इथलं पाणी बाधलं. तसं नसतं. अ‍ॅलर्जी व्हायला आधी ओळख व्हावी लागते. नवीन परागकण, नवीन बुरशी नाकात जाते, शरीर तिच्याविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी तयार करतं, ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसते आणि पुढच्या सीझनला तोच कण आला की पेशी फुटून हिस्टामिन नावाचं रसायन सोडते आणि शिंका सुरू होतात. या ओळखीला एक-दोन सीझन जातात. चिपळूणला तुम्ही जे हुंगत होतात ते वेगळं आणि इथं वेगळं: पावसाळ्यानंतर रस्त्याकडंला छातीएवढं वाढलेलं गाजरगवत, हरळी, काटेमाठ, मग फुलोऱ्यातली ज्वारी, आणि फेब्रुवारी-मार्चला मळणी. मळणीच्या दिवसांत मंगळवेढा-मोहोळ पट्ट्यातले पेशंट येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर सुद्धा भुशाची पांढरी धूळ असते, रुमालाच्या घडीत धूळ असते, आणि सांगतात, "मॅडम, सकाळपासनं शिंका यायलेत, थांबना गेल्यात." त्या धुळीत नुसता भुसा नसतो, कणसावरची बुरशी पण असते.

म्हणजे तुमच्या नाकाचं काय झालं हे सांगायला एपिजेनेटिक्स लागतच नाही असं कुणी म्हणेल. पण मग एक प्रश्न उरतोच की त्याच घरात, त्याच धुळीत राहणाऱ्या तुमच्या जावेला काही होत नाही आणि तुम्हाला का होतं. यात काही भाग जीन्सचा आहे, ते खरंय, आई-वडील दोघांना अ‍ॅलर्जी असेल तर मुलाला होण्याची शक्यता नक्कीच वाढते. पण एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावंडांत सुद्धा एकाला असते आणि दुसऱ्याला नसते असं बऱ्याचदा दिसतं, आणि त्यांचा डीएनए तर तंतोतंत सारखा. इथं एपिजेनेटिक्स येतं.

सोलापुरात राहताय तर चादरीवरूनच सांगते. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कुणाचा कारखाना ओळखीचा असेल तर एकदा जकार्डचा माग चालताना बघा. खाली ताण्याचे हजारो दोरे, वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. जिथं भोक आहे तो दोरा उचलला जातो, जिथं नाही तो खाली राहतो. सूत तेच, रंग तेच, पण पट्टी बदलली की मोराच्या जागी कमळ येतं. डीएनए म्हणजे सूत. आणि कुठल्या पेशीत कुठला जीन उचलायचा, कुठला खाली ठेवायचा हे सांगणाऱ्या खुणा म्हणजे एपिजेनेटिक्स. एखाद्या जीनच्या सुरुवातीला मिथाइल नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटला की बहुतेक वेळा तो जीन गप्प बसतो, भोकावर कागद चिकटवल्यासारखं. दुसरी खूण म्हणजे डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, कांडीवर सूत भरतात तसा, कांडी घट्ट असेल तर सूत निघत नाही, सैल झाली की निघतं. अ‍ॅसिटिल नावाचा तुकडा लागला की ती सैल होते. हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने 1942 मध्ये आणला, तेव्हा डीएनएची रचना सुद्धा माहीत नव्हती.

उपमेचा एक दोष मात्र सांगून टाकते. मागावरची पट्टी कारागीर बदलतो तेव्हाच बदलते. आपल्या पेशी स्वतःची पट्टी जगताना बदलत राहतात, काही खुणा आयुष्यभर टिकतात, काही पुसट होतात. नेटवर "ऑन-ऑफ स्विच" म्हणतात ना, ते मला पटत नाही ते यामुळंच. एक बटण नाहीये तिथं. एका चादरीत हजारो दोरे आहेत आणि अ‍ॅलर्जी ही पूर्ण चादर आहे.

अ‍ॅलर्जीत नेमकं कुठं हे घडतं? आपल्या रक्तात टी पेशी असतात, शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. कोवळ्या टी पेशीने पुढं काय व्हायचं हे ठरताना तिच्या खुणा बदलतात. टीएच2 नावाचा प्रकार झाला की त्या पेशीत इंटरल्युकिन 4 आणि 13 या निरोप देणाऱ्या रसायनांच्या जीनभोवतीची कांडी सैल होऊन राहते, म्हणजे पुढच्या वेळी कण दिसला की ही पेशी विचार न करता तेच रसायन सोडते आणि आयजीई वाढतं. ही पेशीची आठवण आहे, आणि ती सीझन संपला तरी जात नाही. उलट बाजूला टी-रेग नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम भांडण मिटवायचं, आणि त्यांच्यात फॉक्सपी3 नावाचा जीन उघडा असावा लागतो. त्याच्यावर मिथाइल बसलं की त्या पेशी ढिल्या पडतात. 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या धुरकट हवेच्या शहरातल्या दम्याच्या मुलांमध्ये हेच बघितलं गेलं, तिथल्या मुलांत फॉक्सपी3 वर मिथाइल जास्त आणि टी-रेग पेशींचं काम कमी. आपल्याकडं ऊसतोडीनंतर पाचट जाळतात तेव्हाचा संध्याकाळचा धूर मी बघते आणि मला ती फ्रेस्नोची मुलं आठवतात.

मग बाळाचं काय? यात जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी ब्रिटनमधल्या 1958 साली जन्मलेल्या 17,414 मुलांची माहिती तपासली आणि दिसलं की ज्यांना मोठी भावंडं जास्त त्यांना "हे फीव्हर", म्हणजे परागकणांची अ‍ॅलर्जी, कमी. तिथून ही कल्पना सुरू झाली की लहानपणी थोडे जंतू अंगावर आले की शरीर शहाणं होतं. पुढं अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा अभ्यास 2016 मध्ये आला. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, जीन्स बरेच जवळचे. पण आमिश लोक अजून घोड्यांनी शेती करतात, गोठा घराला लागून, पोरं त्यातच खेळतात, आणि हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची, गुरं घरापासून लांब. आमिश मुलांत दमा 5.2 टक्के, हटराइट मुलांत 21.3 टक्के. सूत सारखंच आणि चादर इतकी वेगळी! आणि गोठ्यातून वेगळा काढलेला एक जिवाणू, असिनेटोबॅक्टर ल्वोफी, जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी गाभण उंदरांना हुंगायला दिला तर पिल्लांना अ‍ॅलर्जीचा दमा कमी झाला, आणि पिल्लांच्या टी पेशींमध्ये हिस्टोनवरच्या अ‍ॅसिटिल खुणा बदललेल्या सापडल्या. म्हणजे आईने काय हुंगलं याची खूण पिल्लात. त्यामुळं मोहोळच्या गोठ्याला घाबरू नका, तिथं जाणं-येणं असू द्या. मळणीच्या खळ्यावर मात्र जाऊ नका, ती धूळ तुम्हाला त्रास देतेच आहे. आणि कच्चं, न उकळलेलं दूध अजिबात नको, युरोपातल्या शेतावरच्या मुलांचं वाचून लोक तसं करायला बघतात पण ब्रुसेलोसिस (गुरांपासून माणसाला होणारा जंतुसंसर्ग) आणि टीबीचा धोका खरा आहे.

धूर हा याच्या बरोबर उलट. 2012 मध्ये नॉर्वेतल्या नवजात बाळांच्या नाळेतल्या रक्तात बघितलं तर ज्यांच्या आया गरोदरपणी सिगारेट ओढत होत्या त्या बाळांत एएचआरआर या जीनवर मिथाइलच्या खुणा बदललेल्या होत्या. जन्मल्याच्या दिवशी! बाळाने एकही कश घेतला नव्हता. तुम्ही ओढत नाही, मला माहितीये, पण मिस्टर ओढतात आणि तुम्ही लिहिलंय "बाल्कनीत जाऊन ओढतात". कपड्यांवर, केसांवर, दाढीवर धूर घरात येतो. आपल्याकडं दुसरा प्रकार मिसरीचा आहे, गरोदर बाई "दात दुखतात म्हणून थोडी लावते" म्हणते, पण त्यातलं निकोटिन रक्तातून वारेपर्यंत जातं. आणि विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येणाऱ्या माझ्या पेशंट बाया... मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बोटं सारखी चालू, आणि शेजारी झोळीत तीन महिन्यांचं लेकरू. तिला मी "काम सोड" म्हणू शकत नाही, हजार विड्यांवर तिचं घर चालतं. एवढंच सांगते की झोळी दुसऱ्या खोलीत बांध, बाळाला घेण्याआधी हात-तोंड धू आणि वरचं लुगडं बदल.

म्हणून तुमच्या त्या शेवटच्या वाक्याला मला जोर देऊन उत्तर द्यायचंय. "माझ्यामुळं" हा शब्द काढून टाका. एपिजेनेटिक्सच्या बातम्या वाचून सगळा ठपका आईच्या पोटावर ठेवायची एक वाईट सवय लागलीये, सासूबाई पण म्हणतात आणि हल्ली शिकलेली माणसं पण म्हणतात, फक्त शब्द इंग्रजी वापरतात. बाळावर खुणा उमटवणाऱ्या गोष्टींत बापाची सिगारेट आहे, शेजारचं पाचट आहे, चुलीचा धूर आहे, सिझर की नॉर्मल, अंगावरचं दूध, अँटिबायोटिक्स, घरात किती माणसं, असं बरंच आहे, आणि यातलं निम्मं तुमच्या हातात नाही. बाळाला अ‍ॅलर्जी होईल का तर शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, नक्की नाही. कुणीही तुम्हाला टक्क्यात सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता ती अठरा हजारांची टेस्ट. करू नका. कारण सांगते म्हणजे नुसतं डॉक्टर म्हणाली म्हणून नको. प्रत्येक प्रकारच्या पेशीची पट्टी वेगळी असते. रक्ताच्या नमुन्यात अनेक प्रकारच्या पेशी एकत्र असतात, आणि अ‍ॅलर्जी असणाऱ्याच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी मुळातच जास्त असतात. त्यामुळं रिपोर्टमध्ये "खुणा बदललेल्या" दिसल्या तरी बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की इओसिनोफिल जास्त आहेत, आणि ते तर सीबीसी या रक्ताच्या साध्या तपासणीत दिसतं. संशोधनात नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशी घेऊन फार चांगलं काम चाललंय, मला त्याच्याकडून आशा आहे, पण आज माझ्या टेबलावर असा रिपोर्ट आला तर मी तुमच्या औषधात एक गोळी सुद्धा इकडची तिकडं करणार नाही.

पावडरीचंही तसंच, त्यात हळद, ग्रीन टी वगैरे लिहिलंय म्हणालात. तुम्ही कोकणातल्या म्हणून एक सांगते, कोकमाच्या सालीत गार्सिनॉल असतं आणि 2004 मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की ते अ‍ॅसिटिल लावणाऱ्या एन्झाइमला अडवतं. म्हणजे प्रयोगशाळेत कोकमसुद्धा एपिजेनेटिक आहे. म्हणून सोलकढीने अ‍ॅलर्जी जाते किंवा वाढते असं होत नाही, काचेच्या ताटलीत पेशींवर थेट ओतलेलं शुद्ध रसायन आणि वाटीभर सोलकढी यात फार अंतर आहे. सोलकढी प्या, हळद भाजीत घाला. गरोदरपणात अनोळखी पावडर नको.

मग करायचं काय. पहिलं म्हणजे सगळं चोंदलेलं नाक अ‍ॅलर्जीचं नसतं. गरोदरपणात हार्मोन्समुळं नाकाचं अस्तर सुजतं, त्यात खाज-शिंका फारशा नसतात, नुसतं नाक बंद आणि रात्री जास्त, आणि बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत ते आपोआप जातं. तुम्हाला हे दोन्ही एकत्र असू शकतं, तुमच्या डॉक्टरांना खाज आणि शिंका वेगळ्या करून सांगा. मेडिकलमधून नाक उघडणारे थेंब आणून महिना महिना घालू नका, चार-पाच दिवसांच्या वर गेले की नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हे सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित, अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि एक सपाट छोटा चमचा मीठ. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही. त्याने भागलं नाही तर स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे, गरोदरपणात ब्युडेसोनाइडचा अनुभव सगळ्यात जास्त आहे, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा. स्टिरॉइड नाव ऐकून दचकू नका, डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडं, मधल्या पडद्याकडं नाही. मान थोडी पुढं, आणि जोरात ओढायचं नाही. दहातले आठ पेशंट मला उलटं करून दाखवतात आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही.

स्प्रे सीझनच्या दोन आठवडे आधी का सुरू करायचा ते पण यातच येतं. सीझनच्या सुरुवातीला शंभर कणांनी जेवढ्या शिंका येतात तेवढ्या शेवटी शेवटी त्याच्या अगदी थोड्या कणांनी येतात, नाक तापलेलं असतं. आधीच शांत ठेवलं तर तापत नाही. आणि स्टिरॉइड काम कसं करतं माहितीये का, ते पेशीत जाऊन एचडॅक2 नावाच्या एन्झाइमला सूज वाढवणाऱ्या जीन्सपाशी बोलावतं, ते अ‍ॅसिटिल काढून टाकतं, सैल झालेली कांडी परत घट्ट होते. म्हणजे तुम्ही जी एपिजेनेटिक पावडर शोधताय ती या स्प्रेच्या बाटलीत कधीपासूनच आहे! लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे पीटर बार्न्स यांनी यावर बरंच काम केलं आणि त्यांच्याच कामातून कळलं की सिगारेटच्या धुराने हे एचडॅक2 कमी पडतं. हे तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. त्यांचा पंप त्यांना पूर्ण लागू पडत नाही म्हणतात ना, त्यात सिगारेटचा वाटा असणार. ओढणं सोडलेल्या माणसांच्या रक्तात एएचआरआरच्या खुणा हळूहळू बऱ्याच अंशी पूर्ववत होताना दिसतात, हे पण सांगा, म्हणजे नुसतं घाबरवल्यासारखं होणार नाही.

बाळंतपणानंतर, बाळ अंगावर नीट प्यायला लागलं, झोप लागायला लागली की मग तुमची टेस्ट करू, हातावरची सुईची, पंधरा-वीस मिनिटांत कळतं कशाची आहे. गरोदरपणी ती करत नाहीत. नेमकं कारण सापडलं आणि स्प्रेने भागत नसेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे तोच कण थोडा थोडा करून शरीराला सवय लावणं, लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये गवताच्या परागकणांवर पहिल्यांदा छापलं तेच तत्त्व. किमान तीन वर्षं लागतात, खर्च आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, पण उपचार थांबवल्यावरही परिणाम टिकवणारा हा एकच उपाय माझ्याकडं आहे. काही अभ्यासांत त्यानंतर टी-रेग पेशींमधला फॉक्सपी3 परत उघडलेला दिसलाय. गरोदरपणी नव्याने सुरू करत नाहीत, म्हणून घाई नको.

तोवर एक वही करा. तारीख, शिंका सकाळी की संध्याकाळी, त्या दिवशी कुठं होतात, मोहोळला की सोलापुरात, पाऊस होता का, चादरी कधी धुतल्या. चादरी गरम पाण्यात धुवायच्या, शक्यतो 60 डिग्रीला, आणि मेच्या उन्हात गच्चीवर टाकायच्या. या नवरात्रापासून होळीपर्यंतची वही भरली तर पुढच्या वर्षी जो कुणी डॉक्टर तुम्हाला बघेल त्याचं अर्धं काम झालेलं असेल. आणि ती लाल गोळी रात्री जेवणानंतर घ्या, सोबत चहा नको, लिंबूपाणी चालेल. मळमळ वाटली तर इथंच लिहा, मी रात्री दहानंतर बघते.